चावीवाल्याच्या पायांचा हिशोब

दरवर्षी १६ एप्रिल उजाडला की आमच्या ठाणे शहराला आपल्या मोठेपणाची आठवण होते. १८५३ साली याच दिवशी बोरीबंदरहून सुटलेली देशातली पहिली प्रवासी गाडी ठाण्याला पोहोचली. चौदा डबे, चारशे पाहुणे आणि साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिने. हे सारे आता शाळकरी पोरालाही पाठ आहे. पण ज्यांनी त्या एकवीस मैलांचे रूळ खांद्यावरून वाहिले, खडी फोडली, स्लीपर बसवले, त्यांच्यापैकी एकाचे तरी नाव कुणाला ठाऊक आहे काय? इंजिनांचे बारसे झाले, माणसांची नोंद राहून गेली. आमच्या इतिहासलेखनाची ही जुनीच खोड आहे.

आम्ही खोपटला राहतो. एस.टी.चे आगार, सिद्धेश्वर तलाव आणि दाटीवाटीने उभ्या असलेल्या वस्त्या ही खोपटची ओळख. इथला कष्टकरी माणूस सकाळी भाकरीचा डबा घेऊन स्टेशनकडे पळतो आणि रात्री लटकत परत येतो. त्याचे आयुष्य घड्याळावर नाही, लोकलवर चालते. रविवारी मेगाब्लॉक असला की हाच माणूस कपाळावर हात मारून घेतो आणि रेल्वेच्या नावाने शिव्या देतो. त्या ब्लॉकमध्ये रुळांवर कोण उतरते, काय करते, कुठून आले, किती शिकले, किती मेले, हा प्रश्न मात्र आम्हाला पडत नाही. आज तो प्रश्न विचारायचा आहे.

विचारण्याचे कारण आमच्या अगदी शेजारचे आहे. ९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल एकमेकींच्या बाजूने जात असताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले. त्याच दिवशी चार जणांचा मृत्यू झाला. रेल्वे प्रशासनाने गर्दीकडे आणि पाठीवरच्या पिशव्यांकडे बोट दाखवले. पुढे नोव्हेंबर २०२५ च्या सुरुवातीला लोहमार्ग पोलिसांनी रेल्वेच्या दोन अभियंत्यांवर रुळाच्या देखभालीत हयगय केल्याचा गुन्हा नोंदवला. ६ नोव्हेंबरच्या संध्याकाळी त्याच्या निषेधार्थ कर्मचाऱ्यांनी सी.एस.एम.टी.ला आंदोलन केले, लोकल थांबल्या, आणि गाड्या सोडून रुळांवरून चालत निघालेल्या प्रवाशांना सँडहर्स्ट रोडजवळ लोकलने उडवले. त्यात आणखी दोन जीव गेले.

दोष कुणाचा, ते न्यायालय ठरवील. आम्ही त्यात पडत नाही. पण या सगळ्या गदारोळात एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. प्रवासी विरुद्ध रेल्वे, पोलीस विरुद्ध अभियंता, संघटना विरुद्ध सरकार अशी भांडणे रंगली. पण रूळ रोज पायी तपासणारा जो शेवटचा माणूस, तो गँगमन, तो चावीवाला, त्याच्याविषयी कुणी चकार शब्द काढला नाही. रूळ नीट राहावा म्हणून त्याला काय शिकवले, काय दिले, किती माणसे दिली, हे कुणी विचारले नाही.

मुळात हे काम काय असते? लोकांना वाटते, घण मारणे आणि खडी सारखी करणे. यात अक्कल ती कसली! हा समज खोटा आहे. आमच्या वस्तीत एक निवृत्त मुकादम आहेत. सगळे त्यांना ‘मुकादम बाबा’ म्हणतात. आता कान जरा मंद झाले आहेत, पण रुळाविषयी विचारले की ताठ बसतात. ते म्हणतात, “रूळ बोलतो पोरांनो, ऐकणारा पाहिजे. घट्ट चावीवर हातोडी मारली तर आवाज खणकन येतो. सैल असली तर बद्द. वरून दोन्ही सारख्याच दिसतात.” चाकाखालचा रूळ कुठे चमकतो आणि कुठे काळवंडतो, खडीवर पांढरी भुकटी का पडली, स्लीपरखाली पावसात चिखल का उसळतो, यावरून तो माणूस रुळाचा आजार ओळखत असे. डॉक्टर जशी नाडी पाहतो तशी ही नाडीपरीक्षा आहे. फरक एवढाच की डॉक्टरच्या पाठीमागून ताशी शंभर किलोमीटर वेगाने गाडी येत नाही.

थोडा हिशोब मांडू. आपल्याकडे सिमेंटच्या स्लीपरचे रूळ असतात. एका किलोमीटरला साधारण १,६६० स्लीपर आणि प्रत्येक स्लीपरवर रुळाला धरून ठेवणाऱ्या चार लोखंडी चाव्या. म्हणजे किलोमीटरला ६,६४० चाव्या. कीमनचा, म्हणजे आपल्या चावीवाल्याचा, पट्टा सहा किलोमीटरचा धरला तर एकाच मार्गावर जवळजवळ चाळीस हजार चाव्या त्याच्या नजरेखालून रोज गेल्या पाहिजेत. जाताना एका रुळावरून, येताना दुसऱ्या रुळावरून. म्हणजे रोजची बारा किलोमीटर चाल. वर्षाचे तीनशे दिवस धरले तर ३,६०० किलोमीटर. तीस वर्षांच्या नोकरीत १,०८,००० किलोमीटर. पृथ्वीचा घेर चाळीस हजार किलोमीटर आहे. खांद्यावर हातोडा, पाना, लाल-हिरवे झेंडे आणि फटाके घेऊन हा माणूस खडीवरून पृथ्वीला अडीच फेऱ्यांहून जास्त चालतो. त्याच्या पायांचा हिशोब कुठल्या वहीत आहे?

आता या कामामागचे शास्त्र पाहा. पूर्वी रुळाच्या दोन तुकड्यांत फट ठेवत, म्हणून गाडीचा खडखडाट व्हायचा. आता रूळ वितळजोडाने लांबच्या लांब जोडलेले असतात. लोखंड तापले की वाढते. एक किलोमीटरचा रूळ तीस अंशांनी तापला तर तो साधारण चौतीस सेंटिमीटर, म्हणजे फूटभराहून जास्त, वाढू पाहतो. पण त्याला वाढू द्यायचे नसते. चाव्या, स्लीपर आणि खडी मिळून त्याला जखडून ठेवतात. खडी कमी पडली, चाव्या सैल झाल्या, की उन्हाळ्याच्या दुपारी रूळ सापासारखा वाकडा होतो. उलट थंडीच्या पहाटे तो आखडतो आणि जोडातून तुटतो. म्हणून उन्हाळ्यात दुपारची गस्त, हिवाळ्यात रात्रीची गस्त आणि पावसाळ्यात दरडीची व पुराची गस्त. २९ डिसेंबर २०१६ च्या पहाटे कुर्ला-अंबरनाथ लोकलचे पाच डबे कल्याण आणि विठ्ठलवाडीच्या दरम्यान घसरले. २९ ऑगस्ट २०१७ रोजी आसनगाव-वाशिंदजवळ पावसाने आलेल्या दरडीमुळे नागपूर-मुंबई दुरांतो घसरली. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींतून काढावे लागले. ही सगळी आमच्याच जिल्ह्याची नावे आहेत. ऊन, थंडी आणि पाऊस, तिन्ही ऋतू या माणसाच्या अंगावरून जातात, म्हणून तुम्ही-आम्ही गाडीत डुलकी घेऊ शकतो.

रूळ तुटलेला दिसला तर काय करायचे? ब्रॉडगेजवर ६०० मीटर अंतरावर आडवी लाल पट्टी लावायची आणि १,२०० मीटरवर, दहा-दहा मीटर अंतराने, तीन फटाके रुळावर बांधायचे. त्यांच्या आवाजाने ड्रायव्हर सावध होतो. सांगायला सोपे आहे. पण रात्री, पावसात, खडीवरून, एकट्याने बाराशे मीटर पळायचे आणि समोरून येणाऱ्या गाडीच्या आधी पोहोचायचे. याला शौर्य म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे? सीमेवरच्या जवानाला आपण सलाम करतो आणि केलाच पाहिजे. रुळावरच्या या जवानाला मात्र आपण ‘ए गँगवाल्या’ म्हणतो.

आता शिक्षणाचा प्रश्न. रेल्वेची उतरंड स्पष्ट आहे. सर्वात खाली गँगमन. त्याला पुढे ट्रॅकमन म्हटले, आता ट्रॅक मेंटेनर म्हणतात. त्याच्या वर कीमन, मुकादम. त्याच्या वर इन्स्पेक्टर, ज्याला जुने लोक पी.डब्ल्यू.आय. म्हणत आणि आता सीनियर सेक्शन इंजिनिअर म्हणतात. त्याच्या वर अधिकारी. वरच्यांच्या शिक्षणासाठी पुण्याला १९५९ पासून ‘इरिसेन’ ही नामवंत संस्था आहे. तिथे शास्त्र शिकवले जाते आणि चांगले शिकवले जाते. आमचा त्याला आक्षेप नाही. पण जो रुळाला सर्वात आधी पाहतो, त्याची निवड कशी होते? दहावी किंवा आय.टी.आय. पास हवा. संगणकावर गणित, विज्ञान, बुद्धिमत्ता आणि चालू घडामोडींची परीक्षा द्यायची. मग पुरुषांनी ३५ किलो वजन उचलून दोन मिनिटांत शंभर मीटर न्यायचे आणि एक किलोमीटर सव्वाचार मिनिटांत पळायचे. स्त्रियांसाठी वजन २० किलो आणि वेळ पाच मिनिटे चाळीस सेकंद. म्हणजे पाठीची परीक्षा होते, पायाची परीक्षा होते. डोळ्याची आणि कानाची, जे या कामाचे खरे भांडवल आहे, त्यांची जोपासना कोण करणार?

उत्तर सोपे आहे. मुकादम करतो. नोकरीला लागल्यावर प्राथमिक प्रशिक्षण असते, अधूनमधून उजळणीही असते. पण रुळाचा खरा अभ्यास जुन्या माणसाच्या मागे चालूनच होतो. म्हणून जुना माणूस जाण्याआधी नवा माणूस यायला हवा. इथेच घोटाळा आहे. २०१९ साली रेल्वेने खालच्या श्रेणीच्या १,०३,७६९ जागांची जाहिरात काढली. एक कोटीहून अधिक तरुणांनी अर्ज केले. परीक्षा कधी झाली? ऑगस्ट २०२२ मध्ये! तीन वर्षांत किती मुकादम निवृत्त झाले असतील? गुरू निघून गेला आणि मग शिष्य आला. विद्या मध्येच सांडली. पुढची, ३२,४३८ जागांची जाहिरात २०२५ च्या जानेवारीत निघाली. रेल्वेला माणसे नकोत असे नाही, आणि माणसांना नोकरी नको असेही नाही. मधली वेळ कुणाच्या जिवावर काढली जाते, हा आमचा प्रश्न आहे.

आणि हा प्रश्न आमच्या चळवळीला नवा नाही. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कामगारांचे दोन शत्रू आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, हे त्यांनी तिथेच सांगितले, आणि ब्राह्मणशाही म्हणजे एखादी जात नव्हे तर स्वातंत्र्य, समता, बंधुता नाकारण्याची वृत्ती, हेही तिथेच स्पष्ट केले. हे वाक्य आपण सभांमधून पुष्कळ वापरतो. पण त्याच भाषणात बाबासाहेब गँगमनविषयी बोलले होते, हे आपण विसरलो आहोत. रेल्वेतला अस्पृश्य कामगार गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो, त्याला वर जायला वाट नाही, हे त्यांनी मांडले. साधा पोर्टरही त्याला होता येत नाही, कारण पोर्टरने स्टेशन मास्तरच्या घरचे काम करायचे असते आणि तिथे विटाळ आडवा येतो! रूळ शिवलेला चालतो, घरचा हंडा शिवलेला चालत नाही. बाबासाहेबांनी प्रश्न पगाराचा केला नाही, वाटेचा केला. वर जाणारी वाट कुणी अडवली, हा तो प्रश्न होता.

आज ती वाट किती मोकळी झाली? संविधानाने आरक्षण दिले. गँगमध्ये आता सगळ्या जातींची, अनेक राज्यांची मुले आहेत, पदवीधरही आहेत. हा बदल नाकारणे खोटेपणाचे होईल. पण कामाची प्रतिष्ठा बदलली काय? शंभर वर्षांहून अधिक काळ डब्यांतल्या संडासाची घाण थेट रुळावर पडत होती आणि त्याच रुळावर वाकून चाव्या ठोकणारी माणसे होती. डब्यांना जैविक शौचालये बसायला २०१९ साल उजाडावे लागले. तोपर्यंत हा प्रश्न तातडीचा का वाटला नाही? ज्याच्या अंगावर घाण उडत होती तो कुठल्या पायरीवर उभा होता, यात त्याचे उत्तर आहे.

दुसरे उदाहरण घ्या. २००४ साली एक योजना आली. वय झालेल्या गँगमनने स्वेच्छानिवृत्ती घ्यायची आणि त्याच्या मुलाने त्याच्या जागी लागायचे. पुढे ती आणखी श्रेणींना लागू झाली आणि न्यायालयाने आक्षेप घेतल्यावर २०१८ साली बंद झाली. कित्येक घरांना तिने भाकरी दिली. ती बंद झाल्याचे दुःख आम्ही समजू शकतो. पण थोडे थांबून विचार करा. बापाचे काम पोराने करायचे, ही हमी कसली? आपल्या बापजाद्यांना महारकीचे वतन होते. बाबासाहेबांनी १९२८ साली त्याविरुद्ध मुंबई कायदे मंडळात विधेयक आणले, कारण वतन पोट भरत असले तरी पायात बेडी घालते, हे त्यांनी ओळखले होते. ज्याचा बाप तीस वर्षे घण मारून इन्स्पेक्टर झाला नाही, त्याच्या पोराला पुन्हा घणच देणे म्हणजे नवे वतन. हवे होते ते शिष्यवृत्ती, पदविका, आणि इन्स्पेक्टरची खुर्ची.

आता मनमाडजवळच्याच दुसऱ्या तारखेकडे या. १३ फेब्रुवारी २०२३. मनमाडच्या परिषदेला बरोबर पंच्याऐंशी वर्षे झाली होती. त्या पहाटे सहाच्या आसपास लासलगावजवळ रुळाचे काम करणाऱ्या चार ट्रॅकमनना रेल्वेच्याच टॉवर वॅगनने उडवले. ओव्हरहेड वायरच्या दुरुस्तीसाठी फिरणारी ही गाडी उलट्या दिशेने येत होती. चौघेही गेले. पुढच्या वर्षी, २२ जानेवारी २०२४ च्या रात्री, वसई रोड आणि नायगावच्या मध्ये सिग्नल दुरुस्त करणारे तीन कर्मचारी लोकलखाली सापडले. हे अपवाद आहेत काय? डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय सुरक्षा समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये अहवाल दिला. २००७-०८ पासून ऑक्टोबर २०११ पर्यंत सुमारे १,६०० रेल्वे कर्मचारी कामावर मेले आणि ८,७०० जखमी झाले, असे तो अहवाल सांगतो. म्हणजे जवळजवळ रोज एक. देशाचे अणुशास्त्रज्ञ हे सांगतात आणि देश दुसऱ्या दिवशी विसरतो!

पैसा नाही, असे कुणी म्हणू नये. २०१७-१८ मध्ये सरकारने पाच वर्षांसाठी एक लाख कोटींचा ‘राष्ट्रीय रेल संरक्षा कोष’ काढला. डिसेंबर २०२२ मध्ये महालेखापरीक्षकांचा, म्हणजे कॅगचा, गाड्या घसरण्याविषयीचा अहवाल संसदेत आला. रुळांची यांत्रिक तपासणी करणाऱ्या गाड्यांच्या फेऱ्या ठरल्यापेक्षा ३० ते १०० टक्के कमी पडल्याचे त्यात नोंदले आहे. चौकशी झालेल्या प्रकरणांपैकी ४२२ गाड्या इंजिनिअरिंग खात्याशी संबंधित कारणांनी घसरल्या आणि त्यांत सर्वाधिक, १७१ प्रकरणांत, रुळाची देखभाल हे कारण होते. आणि संरक्षा कोषातला पैसा कशाकशावर गेला? भांडीकुंडी, फर्निचर आणि पायांना मालीश करणारी यंत्रे! होय, वाचकहो, पाय चेपणारी यंत्रे. ज्याचे पाय रोज बारा किलोमीटर खडी तुडवतात, त्या चावीवाल्याच्या पायांसाठी ती आली नव्हती, हे वेगळे सांगायला नको.

चूक झाली की शिक्षा कशी वाटली जाते, तेही पाहा. १९ ऑगस्ट २०१७ रोजी उत्तर प्रदेशात खतौलीला उत्कल एक्स्प्रेस घसरली. वीसहून अधिक प्रवासी मेले. रुळावर काम चालू होते आणि गाडी मात्र थांबवलेली नव्हती. कनिष्ठ अभियंत्यासह १३ कर्मचारी थेट बडतर्फ झाले. रेल्वे बोर्डाचे सदस्य, महाव्यवस्थापक आणि विभागीय व्यवस्थापक यांना रजेवर पाठवले. खालच्याला घरी आणि वरच्याला रजेवर! कामाला ब्लॉक मिळत नव्हता की मागितला नव्हता, हे शोधण्याआधी घण मारणारा हात दोषी ठरला. हयगय करणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे, आमचे दुमत नाही. पण शिक्षेचा उतार नेहमी एकाच दिशेने का वाहतो?

काही जण म्हणतील, आता यंत्रे आली. ध्वनिलहरींनी रुळाच्या पोटातली चीर शोधणारी यंत्रे आहेत, खडी भरणारी यंत्रे आहेत, मोजणाऱ्या गाड्या आहेत. माणसाची गरज किती दिवस? यंत्रे हवीतच. घण हातातून सुटला तर आम्हाला आनंदच आहे. पण यंत्र पंधरवड्याने, महिन्याने येते. रूळ आज रात्री तुटतो. ब्रिटनमध्ये १७ ऑक्टोबर २००० रोजी हॅटफिल्डला भेगा पडलेला रूळ गाडीखाली फुटला, चार प्रवासी मेले आणि त्या धक्क्याने खासगी ‘रेलट्रॅक’ कंपनी अखेर बुडाली. त्याच ब्रिटनमध्ये ३ जुलै २०१९ रोजी वेल्समधल्या मार्गमला रुळावरचे दोन कामगार गाडीखाली गेले. त्यानंतर तिथे चालत्या गाड्यांमध्ये केवळ पहारेकऱ्याच्या नजरेवर विसंबून काम करण्याची पद्धत जवळजवळ मोडीत काढली. दोन माणसे गेली आणि पद्धत बदलली. आमच्याकडे किती गेल्यावर बदलेल?

अमेरिकेचेही पाहण्यासारखे आहे. तिथेही दक्षिणेत रूळ सरकवणारी, खडी भरणारी माणसे मुख्यतः कृष्णवर्णीय होती. त्यांची कहाणी आपल्या कहाणीची बहीण आहे. पण आज तिथल्या कायद्याप्रमाणे रूळ तपासणारा माणूस लेखी नेमलेला असावा लागतो, दोष ओळखण्याची आणि तो दूर करण्याची त्याची पात्रता सिद्ध व्हावी लागते. आणि १९९७ पासून प्रत्येक कामगाराला एक हक्क आहे. इथे माझ्या जिवाचे संरक्षण नीट नाही, असे प्रामाणिकपणे वाटले तर त्याने ‘नाही’ म्हणायचे, आणि वाद मिटेपर्यंत रुळावर उतरायचे नाही. साध्या गँगवाल्याने साहेबाला ‘नाही’ म्हणायचे! आमच्याकडे ही कल्पना तरी सहन होईल काय? बाबासाहेबांनी सांगितलेली ब्राह्मणशाही नेमकी इथे बसलेली आहे. खालच्याचे ज्ञान हे ज्ञान नव्हे आणि खालच्याचे ‘नाही’ हे ‘नाही’ नव्हे, ही ती वृत्ती.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. पहिले, प्रत्येक गँगला गाडी येण्याची आगाऊ सूचना देणारे यंत्र मिळालेच पाहिजे. ‘रक्षक’ नावाचे असे यंत्र देशात तयार झाले आहे, काही ठिकाणी दिलेही आहे. मग ते सगळ्यांच्या हातात का नाही? गस्तवाला चालतो की बसतो हे पाहायला जी.पी.एस. तत्परतेने मिळते, त्याचा जीव वाचवणाऱ्या यंत्राला मात्र वर्षे लागतात. दुसरे, कामासाठी ब्लॉक पुरेसा आणि ठरलेला हवा. आमच्या उपनगरी मार्गावर शेवटची लोकल गेल्यावर आणि पहिली येण्याआधी उणेपुरे दोन-तीन तास हाती लागतात. एवढ्यात घाईने केलेले काम दोघांचाही घात करते, करणाऱ्याचा आणि बसणाऱ्याचा. तिसरे, मुकादमाच्या ज्ञानाला प्रशिक्षण केंद्रात शिक्षकाची जागा द्या. निवृत्त मुकादमाला मानधन देऊन बोलवा आणि नव्या मुलांना त्याच्यामागे चालवा. चौथे, गँगमधल्या शिकलेल्या मुलाला पदविकेसाठी पगारी रजा द्या आणि दुसऱ्या खात्यात व वरच्या पदावर जाण्याची वाट रुंद करा. पाचवे, आता स्त्रियाही रुळावर घण उचलतात; त्यांच्यासाठी सेक्शनवर शौचालय आणि विसाव्याची खोली हवी. २०१७ साली धोक्याचा भत्ता म्हणून दरमहा २,७०० रुपये ठरले. भत्ता ठीक आहे. पण धोका विकत घेऊन चालत नाही, तो कमी करावा लागतो.

आणि शेवटी आपल्याच माणसांसाठी चार शब्द. खोपटच्या, कळव्याच्या, कल्याणच्या वस्त्यांतली आपली पोरे आज या भरतीचे फॉर्म भरतात. जरूर भरा. कामात कमीपणा नाही. पण गँगमध्ये शिरताना इन्स्पेक्टरच्या परीक्षेचे पुस्तक सोबत घेऊन शिरा. चाव्या ठोकताना रूळ का वाढतो आणि का तुटतो, हे शास्त्र विचारा. ‘शिका’ हा शब्द फक्त शाळेसाठी नाही, तो सेक्शनवरही लागू आहे.

परवा रविवारी मुकादम बाबांना विचारले, “बाबा, मेगाब्लॉक आहे, लोक वैतागलेत.” ते हसले आणि म्हणाले, “वैतागू दे. सोमवारी घरी पोचतील ना सगळे?”

पुढच्या १६ एप्रिलला ठाणे स्टेशनात पहिल्या गाडीच्या आठवणी निघतील, साहिब-सिंध-सुलतानची नावे घेतली जातील. त्या दिवशी आम्ही मुकादम बाबांना फलाटावर नेणार आहोत. त्यांच्यासारखे एखादे बाबा तुमच्याही वस्तीत असतील. त्यांनाही सोबत आणा.